एक नंबरवरचा आवाज

अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्कोच्या उन्हाळ्यात गाडीचा पंखा एक नंबरवर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे वडील. इथे ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी थोडा वेळ उभी राहिली तरी स्टिअरिंगचा चटका बसतो. आत बसायचं, पंखा चारवर टाकायचा आणि वारा गार होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं, ही इथली रीत. बाबा मात्र शेजारी बसले की आधी तोंडासमोरची जाळी बंद करायचे, मग रुमाल कानावरून गुंडाळायचे, आणि माझं लक्ष नाही असं बघून पंखा गुपचूप एकवर आणायचे. मी चार करायचे, ते एक करायचे. नागपूरच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला गार वाऱ्याचं एवढं वावडं कसं, हे मला कधीच कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात मला बऱ्याच गोष्टी कळत नव्हत्या.

आई गेल्यानंतर वर्षभराने बाबा आमच्याकडे आले. आले म्हणजे दादाने पाठवले. माझा हा मोठा भाऊ पुण्याला असतो, आणि बाबा नागपूरला त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे. दादाचं म्हणणं, बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. गॅस चालू राहतो, भाजी आणायला गेलेला माणूस भलत्याच चौकात सापडतो. माझं म्हणणं, दादाला राईचा पर्वत करायची लहानपणापासूनची सवय आहे. फोनवर भांडून भांडून शेवटी ठरलं असं की बाबा उन्हाळाभर माझ्याकडे राहतील, मी नीट बघेन आणि ते एकटे राहू शकतात की नाही ते सांगेन.

"तू म्हणशील ते फायनल," दादा म्हणाला. "राहू शकतात म्हणालीस तर मी परत विषय काढणार नाही. नाही म्हणालीस तर फ्लॅट बंद करून मी त्यांना पुण्याला आणतो."

बाबांना आम्ही ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. पण त्यांना वास लागला असणार. फ्लॅटची किल्ली त्यांनी जानव्याला बांधून आणली होती. विमानतळावरचं यंत्र किंचाळलं, तरी काढायला तयार नव्हते म्हणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर इतकं मोठं काम टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी निकाल आधीच लावून बसले होते. मला फक्त दादाच्या तोंडावर मारायला पुरावे हवे होते.

पहिला पुरावा लगेच मिळाला. बाबा आले त्याच सुमारास आम्ही दुसरी गाडी घेतली. दुसरी म्हणजे जुनीच, गारपिटीने झोडपलेली. टपावर खळगे, आणि समोरच्या काचेखाली वायपरजवळ जी प्लास्टिकची जाळी असते ती एका कोपऱ्यात फुटलेली. नवरा म्हणाला, "यार, चालते ना? मग बास." बाबा म्हणाले, "पूजा झाल्याशिवाय कोणी बसायचं नाही."

आणि त्यांनी काय पूजा केली! ड्राइव्हवेमध्ये धोतर नेसून उभे राहिले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. काचेजवळ विड्याचं पान ठेवून त्यावर सुपारीचा गणपती मांडला, कारण तेवढीच जागा सपाट होती. मग अथर्वशीर्ष म्हटलं, एकही अक्षर न अडखळता. मला ते येत नाही, नवऱ्याला निम्मं येतं, आणि हे ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही ते गृहस्थ घडाघडा म्हणत होते. मी सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि दादाला पाठवून खाली लिहिलं, "बघ." त्याने नुसता अंगठा पाठवला.

आवराआवर करताना गणपतीची सुपारी काही मिळाली नाही. पान होतं, अक्षता होत्या, सुपारी नव्हती. बाबा गाडीखाली वाकून बघू लागले.

"येईल हो बाबा, फिरायला गेला असेल," मी म्हटलं.

"अशी थट्टा नाही करू, बेटा."

शेवटी नवरा म्हणाला खारीने पळवली असेल, आमच्या झाडावर खारी आहेतच, आणि तो विषय तिथेच संपला.

आवाजाचं प्रकरण त्यानंतर सुरू झालं. मी बाबांना देवळात घेऊन चालले होते. अचानक ते म्हणाले, "आत काहीतरी वाजून राहिलं."

मी गाणं बंद केलं. तरी ऐकू येईना, तेव्हा शांतता व्हावी म्हणून पंखाही बंद केला. कान देऊन ऐकलं. टायरचा आवाज, शेजारच्या ट्रकचा आवाज, बाकी काही नाही.

"आता नाही येऊन राहिला," बाबा म्हणाले.

"कसा होता?"

"डब्यात चिंचोका हलवल्यासारखा. टक. मग थांबते. मग टकटक."

पुढे हे रोजचंच झालं. बाबांना आवाज यायचा आणि मी ऐकायला गेले की तो गप्प बसायचा. मी पंखा चारवर ठेवून ऐकलं, काही नाही. एकदा त्यांच्या समाधानासाठी एकवर ठेवून हायवेवरून गेले, तेव्हाही काही नाही. त्या दिवशी बाबांनाही आला नाही, आणि ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मीच काहीतरी लपवलं आहे. एसी धड गार करत नव्हता एवढं मात्र मला जाणवलं होतं. तोपर्यंत मी पंखा आणि एसी एकच समजत होते. बाबांनी मला समजावलं की वारा फेकणारा ब्लोअर वेगळा आणि वारा गार करणारी यंत्रणा वेगळी, एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं. जन्मभर वीजखात्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करवून घेतलेला माणूस तो. मी मान हलवली, आणि गारवा कमी असल्याचा टकटकीशी संबंध आहे की नाही ह्या विचारात पुन्हा गोंधळले.

एव्हाना इतर गोष्टीही दिसायला लागल्या होत्या, आणि त्यांचं काय करावं ते मला समजेना. बाबा दर वेळी गाडीत बसायला माझ्याच दाराशी जायचे. आता भारतात शेजारचा माणूस डावीकडेच बसतो, इथे नवीन आलेला प्रत्येक जण ही चूक करतो. उजवीकडे बसून ते सिग्नल आला की पाय दाबून ब्रेक मारायचे. तेही सगळेच करतात. पण येऊन बरेच दिवस झाल्यावरही? ही चूक म्हातारपणाची की देशाची, हे कोणी सांगावं? चहा झाल्यावर विचारायचे, "आज चहा नाही का?" पण आमच्याकडचा अर्धा कप चहा त्यांच्या लेखी चहाच नव्हता. चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला. मी स्वतः एकदा फोन कपाटातल्या तांदळाच्या डब्यावर विसरून घरभर शोधला आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ उत्तर होतं. एवढी उत्तरं लागताहेत ह्याचीच मला भीती वाटायला लागली होती.

एका रविवारी दादाच्या फोनवर माझ्या तोंडून निसटलं, की बाबांना गाडीत आवाज येतो.

"कसला आवाज?"

"कसला तरी. टकटक."

"तुला येतो?"

मी ओट्यावरचा कप विसळायला घेतला.

"नसलेले आवाज ऐकू येणं हेही त्यातच येतं गं," दादा हळूच म्हणाला. "मी वाचलंय."

मी इतकी चिडले की फोनच कट केला. चिडायचं कारण मला पक्कं माहीत होतं. तो खरं बोलत असेल तर, हे ते कारण. त्या दिवसापासून गाडीचा तो आवाज माझ्या जिवाला लागला. आवाज असला तर बाबांचं डोकं शाबूत, किल्ली जानव्याला, नागपूरचा फ्लॅट उघडा. आवाज नसला तर सगळंच बंद. एका जुन्या गाडीच्या टकटकीवर मी माझ्या बापाचं पुढचं आयुष्य टांगून ठेवलं. त्यात काही तर्क नव्हता हे आता दिसतं, पण तेव्हा तो खांबासारखा पक्का वाटत होता.

मी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून नळ्या लावल्या आणि सांगितलं, गॅस कमी आहे, म्हणून गार होत नाही. गॅस भरला. मी आवाजाचं विचारलं तेव्हा त्याने पंखा एकदम चारवर टाकला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "साउंड्स गुड टू मी!" मला त्याला सांगायचं होतं की बाबा रे, गुड नको आहे मला, बॅड शोध. इंग्रजीत ते कसं सांगावं ते सुचेना, म्हणून थँक्यू म्हणून घरी आले.

परिणाम एवढाच झाला की आता गाडी बर्फासारखी गार व्हायला लागली, बाबा दोन्ही कानांना रुमाल बांधायला लागले आणि पंखा कायमचा एकवर गेला. आवाज वाढला, असं त्यांचं म्हणणं.

मग एका संध्याकाळी जेवताना, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, ते बोलायला लागले.

"हे बघ. एकवर आवाज येते. दोनवर कधीमधी. चारवर कधीच नाही. बेअरिंग गेलं असतं तर चारवर बोंबललं असतं. म्हणजे आत काहीतरी सुटं पडलं आहे. हळू फिरलं की ते पडते आणि वाजते. जोरात फिरलं की कडेला चिकटून बसते. पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडते का?"

"नाही."

"मग? मी सांगून राहिलो ना तुला."

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. त्याच दुपारी ह्याच माणसाने मला विचारलं होतं की आज कोणता वार, आणि मी सांगितल्यावर थोड्या वेळाने पुन्हा विचारलं होतं. आता इथे बसून ते असे बोलत होते जणू समोर त्यांचे हाताखालचे ज्युनिअर इंजिनिअर आहेत. ह्यातले खरे बाबा कोणते, ते मला कळेना. दोन्ही खरे असू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी नवरा कामात अडकला होता. सकाळी ऊन चढायच्या आत मी गॅरेजमध्ये गेले. बाबा खुर्ची टाकून बसले. मी नेहमीप्रमाणे माझ्या जागेवर बसून पंखा एकवर लावला.

"तिकडे काय बसली? माझ्या जागी बस," बाबा म्हणाले.

इतक्या दिवसांत मी त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. बसणार कशी, गाडी मी चालवते. वर्कशॉपमधला माणूसही चालवायच्याच सीटवर बसला होता. मी उजवीकडे जाऊन बसले, वाकून समोरच्या कप्प्याला कान लावला. आधी नुसता वारा. मग एकदम, अगदी कानाशी:

टक.

मग टकटक. मग थांबलं. मग पुन्हा टक.

मला इतका आनंद झाला की मी तशीच वाकून हसत राहिले. मग डोळ्यांतून पाणी आलं. आवाज होता! बाबांच्या पायांशी, कप्प्याच्या मागे, ब्लोअर बसवलेला असतो तिथेच. इतके दिवस जो माणूस त्याच्यासमोर बसत होता त्यालाच तो ऐकू येत होता, आणि आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात बसून त्याच्या डोक्यावर शंका घेत होतो.

"आला?" बाबांनी विचारलं.

"आला बाबा! आला!"

"मग एवढी रडून काय राहिली? खोल आता."

फोनवर व्हिडिओ लावून मी कप्पा काढला. त्याच्या मागे कचरा अडवायचा फिल्टर असतो म्हणे. आमच्या गाडीत त्याची नुसती रिकामी चौकट होती, आधीच्या मालकाने बहुतेक नवा घालायचा कंटाळा केला असावा. ब्लोअर खालून स्क्रूंनी बसवलेला होता. मी पाठीवर झोपून, डोकं पाय ठेवायच्या जागेत घालून, एकेक स्क्रू काढला. बाबा वरून सांगत होते, "आधी वायर काढ. ओढू नको, क्लिप दाब. आता हात खाली धर, वजन येईल." त्यांनी सांगितलं तसंच झालं. पिंजऱ्यासारखा गोल पंखा माझ्या हातात आला, त्यात थोडी वाळकी पानं होती आणि पानांत एक सुपारी होती.

एका बाजूने टवके उडालेली, पण सुपारीच. भेगांमध्ये कुंकू अजून लाल होतं. काचेजवळच्या पानावरून ती घरंगळली असणार, फुटक्या जाळीतून आत गेली असणार, आणि वाटेत फिल्टर नसल्यामुळे सरळ पंख्यात येऊन बसली असणार. खारीवर आम्ही उगाच आळ घेतला होता.

मी गुडघ्यांवर बाहेर आले आणि सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या बाबा. तुमचा गणपती सापडला!"

बाबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली.

"सुपारी आहे ही."

"हो ना!"

"गाडीत कशी गेली?"

"पूजेची आहे बाबा. आपण पूजा नाही का केली गाडीची, बाहेर, तुम्ही अथर्वशीर्ष म्हटलं..."

ते माझ्याकडे बघत राहिले. लग्नात एखादं माणूस ओळख दाखवून बोलायला येतं आणि आपल्याला ते कोण ते आठवत नाही, तेव्हा आपण जसं हसतो तसं हसले.

"ह्या गाडीची पूजा झाली?" त्यांनी विचारलं. "कोणी सांगितली?"

मला वाटलं मी केलेल्या थट्टेची ते परतफेड करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. मग मी फोन काढला, दादाला पाठवलेला तो व्हिडिओ लावला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यात ते धोतर नेसून उभे होते आणि घडाघडा म्हणत होते. बाबांनी शेवटपर्यंत पाहिला. मधे एके ठिकाणी त्यांचे ओठही हलले.

"हो, हो. आठवलं," ते घाईघाईने म्हणाले. "केली होती ना. आठवलं."

ते खोटं होतं. माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं, आणि तेही किती वाईट बोलले. पंख्यातली पानं मी बोटाने काढत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी सुपारी रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"चांगली आहे. जपून ठेव. गाडी घेशील तेव्हा पूजेला होईल. मला बोलव, मीच सांगीन पूजा."

"हो बाबा," मी म्हटलं.

ब्लोअर मी परत बसवला. प्रत्येक स्क्रूला ते आधीसारखंच अचूक सांगत होते, कोणता आधी, किती आवळायचा. मी ऐकत होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

दादाला फोन स्वयंपाकघरातून केला. मधलं दार उघडंच होतं, तिथून गॅरेज दिसत होतं. बाबा त्यांच्या सीटवर जाऊन बसले होते.

"आवाज खरा होता," मी म्हटलं. "पंख्यात सुपारी अडकली होती. बाबांनी सांगितलं तिथेच, सांगितलं तसंच."

दादाचा आवाज एकदम मोकळा झाला. तो हसला, खूप दिवसांनी. "च्यायला, म्हणजे मीच मूर्ख. सॉरी गं. बरं झालं. मग राहू दे त्यांना नागपूरला, मी विषय काढणार नाही. तू म्हणशील ते फायनल."

हेच ऐकायला मी उन्हाळाभर थांबले होते. नुसतं हो म्हणायचं होतं. सुपारी माझ्या मुठीत होती आणि तिचा टवका उडालेला भाग तळहाताला टोचत होता.

"नाही दादा," मी म्हटलं. "पुण्याला ने त्यांना."

"अगं पण आत्ता तर..."

"ने त्यांना."

तिकडे तो काहीतरी विचारत होता, तेवढ्यात गॅरेजमधून बाबांची हाक आली. चांगली मोठ्याने, खुशीत.

"बेटा, आवाज गेला बघ! एकवर लावून पाहिला, एकदम बंद. ये, ऐकायला ये."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि ऐकायला गेले.